नासमधून तीच डिस्क परत परत बाहेर पडते? नवी डिस्क आणण्याआधी हे बघा

होळी झाली, माळ्यावरचे कूलर खाली उतरले, की हे फोन सुरू होतात. 'नास बीप-बीप करून राहिला', 'तीन नंबरचा लाइट पिवळा झाला', 'रेड डिग्रेड दाखवते'. (नास म्हणजे नेटवर्कवर सगळ्यांच्या फाइली ठेवणारा डिस्कांचा डबा, रेड म्हणजे एखादी डिस्क गेली तरी डेटा शाबूत राहावा म्हणून त्या एकत्र बांधायची पद्धत. त्यातली एक गळाली की डिग्रेड, नव्या डिस्कवर डेटा परत भरणं म्हणजे रिबिल्ड.) डिस्क बदलतात, रिबिल्ड होतं, आठवडा-पंधरवडा बरा जातो आणि मग एखाद्या दुपारी दोन-अडीचला पुन्हा तीच बोंब. परत नवी डिस्क, परत रिबिल्ड. मेअखेरचा नवतपा येईस्तोवर डिस्क विकणाऱ्याचं भलं झालेलं असतं आणि नास होता तिथेच असतो.

पाच-सहा वर्षं चाललेली एखादी डिस्क मेली तर ती बदला आणि विषय संपवा, त्यासाठी एवढं वाचायची गरज नाही. हे लिहितोय ते 'परत तेच' वाल्यांसाठी. एकाच स्लॉटमधून दुसऱ्यांदा डिस्क बाहेर पडली, तर आधी डिस्क सोडून बाकी सगळ्यांवर संशय घ्या. स्टोरेजच्या डब्यात स्वतःच्या चुकांची नोंद ठेवणारा भाग एकच, तो म्हणजे डिस्क. केबल नोंद ठेवत नाही, पॉवर सप्लाय ठेवत नाही, बॅकप्लेन (डिस्क ज्यात खोचतात ते मागचं सर्किट बोर्ड) तर नाहीच नाही. म्हणून दोष कुणाचाही असला तरी नाव डिस्कचं येतं.

पुढचं सगळं चार ते आठ स्लॉटचे तयार नास आणि लिनक्सवर एमडीएडीएमने (लिनक्समध्ये रेड बांधायचं साधन) बांधलेले सर्व्हर धरून लिहिलं आहे. बाजारातल्या बऱ्याचशा तयार नासच्या पोटात तेच लिनक्सचं रेड असतं. हार्डवेअर रेड कार्डाचं जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगतो.

आधी काहीही करू नका

बीप बंद करायचं बटण दाबा, बाकी कशाला हात लावू नका. 'रिपेअर' नाही, 'इनिशियलाइज' तर अजिबात नाही. रीस्टार्टही नको, कारण बऱ्याच नासमध्ये कर्नलचा (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा) लॉग रीस्टार्टबरोबर पुसला जातो आणि तोच तुमचा मुख्य साक्षीदार असतो.

रेड ५ एकाच डिस्कचं जाणं सोसतं, त्यामुळे त्यातली एक डिस्क गेली म्हणजे आता कुठलाच आधार उरलेला नाही. अशा वेळी रिबिल्ड लावणं म्हणजे उरलेल्या सगळ्या डिस्क या टोकापासून त्या टोकापर्यंत तासन्‌तास वाचायला लावणं, तेही भर उन्हाळ्यात आणि मूळ दोष तसाच ठेवून. म्हणून पहिलं काम बॅकअप. कालचा बॅकअप आहे का, तो उघडून एखादी फाइल निघते का, हे बघा. नसेल तर डिग्रेड अवस्थेतच सगळ्यात महत्त्वाचं फोल्डर आधी बाहेर काढा. ऑफिसवाले म्हणतात, 'दादा, रेड आहे ना, मग बॅकअप कशाला?' डिस्क मेली तरी रेडमुळे काम थांबत नाही, एवढाच त्याचा उपयोग. चुकून उडवलेली फाइल किंवा रॅन्समवेअर यापुढे रेडचं काही चालत नाही.

मग मोबाइलने फोटो काढा. कुठल्या स्लॉटचा दिवा कुठल्या रंगाचा आहे, मागच्या केबली कशा लावल्या आहेत, यूपीएसवर काय काय जोडलं आहे. प्रत्येक स्लॉटमध्ये कुठल्या सीरियल नंबरची डिस्क आहे ते कागदावर लिहून ठेवा. डिस्क काढताना 'तिसरी' म्हणजे डावीकडून की उजवीकडून, या घोळात चांगली डिस्क ओढली गेली की रेड ५ तिथेच बसतं. लिनक्स डिस्कांना देतं त्या एसडीए-एसडीबी या नावांवरही विसंबू नका, रीस्टार्टनंतर ती बदलू शकतात.

स्मार्टमधले कोणते आकडे बघायचे

स्मार्ट म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद. तिचा पूर्ण रिपोर्ट काढा. नासच्या स्क्रीनवर दिसणारं हिरवं 'हेल्दी' पुरेसं नाही. एसएसएच करून (दुरून कमांड द्यायची सोय) स्मार्टसीटीएल या कमांडने काढलात तर उत्तम. यादी लांबलचक असते, पण कामाच्या ओळी मोजक्या.

५, १९७ आणि १९८ या ओळी डिस्कच्या पृष्ठभागाबद्दल बोलतात. ५ म्हणजे खराब झाल्यामुळे बदलून दिलेले सेक्टर, १९७ म्हणजे वाचता न आल्यामुळे निकालाची वाट बघत असलेले, १९८ म्हणजे तपासणीत नापास ठरलेले. हे आकडे शून्य नसतील आणि दर आठवड्याला वाढत असतील, तर डिस्क खरोखर आजारी आहे. २००७ मध्ये गूगलच्या अभियंत्यांनी एक लाखाहून जास्त डिस्कांचा अभ्यास मांडला होता. तपासणीत पहिली चूक सापडल्यानंतरच्या ६० दिवसांत अशी डिस्क बंद पडण्याची शक्यता इतरांच्या ३९ पट असते, असं त्यात दिसलं. म्हणून १९७ मध्ये आकडा दिसला तर 'बघू पुढच्या महिन्यात' म्हणू नका. त्याच अभ्यासात याची दुसरी बाजूही आहे: मेलेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून जास्त डिस्कांनी या महत्त्वाच्या ओळींमध्ये आधी काहीच दाखवलं नव्हतं. स्मार्ट स्वच्छ आहे म्हणजे डिस्क ठणठणीत आहे असा अर्थ काढू नका.

१९९ वेगळी. ती डिस्क आणि कंट्रोलर यांच्यामधल्या रस्त्यावरच्या चुका मोजते, म्हणजे केबल, कनेक्टर, बॅकप्लेन. ५ आणि १९७ शून्य, पण १९९ मध्ये शेकड्यांनी आकडा, असं दिसलं तर नवी डिस्क मागवू नका. मात्र १९९ कधीच मागे येत नाही. केबल बदलल्यावरही जुना आकडा तिथेच राहतो. त्यामुळे नुसत्या आकड्याला अर्थ नाही, तो वाढतोय का याला अर्थ आहे. आज लिहून ठेवा, उद्या दुपारनंतर परत बघा.

माझी सगळ्यात आवडती जोडी १२ आणि १९२. १२ म्हणजे डिस्कला किती वेळा पॉवर मिळाली, १९२ म्हणजे पॉवर अचानक गेल्यामुळे किती वेळा हेड घाईने मागे घ्यावं लागलं. नास महिनाभर बंद झालेला नाही, अपटाइम तसं दाखवतो आहे, आणि तरी एकाच डिस्कचे हे दोन आकडे वाढले आहेत? मग त्या एकट्या डिस्कची पॉवर मधूनमधून तुटते आहे. डिस्क झोपून उठली तर ४ नंबरची ओळ वाढते, १२ वाढत नाही, त्यामुळे गोंधळाला जागा नाही. ही जोडी बघणारे फार कमी भेटतात आणि निम्मा वेळ इथेच वाचतो.

सीगेटच्या डिस्कांवर १ आणि ७ नंबरच्या ओळींत कोट्यवधींचा आकडा दिसतो आणि लोक घाबरतात. त्या एका आकड्यात चुका आणि एकूण वाचनं किंवा हेडच्या हालचाली अशा दोन गोष्टी एकत्र भरलेल्या असतात. सोडून द्या. सास डिस्कांवर (सर्व्हरमधला वेगळ्या जोडणीचा प्रकार) या ओळी नसतातच, तिथे 'ग्रोन डिफेक्ट लिस्ट' बघायची.

लॉगमध्ये वेळ बघा

डीमेसेज (कर्नलचा लॉग दाखवणारी कमांड) किंवा सिस्टिम लॉगमध्ये डिस्क बाहेर पडली तो क्षण शोधा. एरर ओळीच्या शेवटी महिरपी कंसात छोटे शब्द असतात. 'यूएनसी' असेल तर डिस्कला स्वतःचाच सेक्टर वाचता आला नाही. 'आयसीआरसी' असेल तर डेटा रस्त्यात बिघडला. एवढ्या एका शब्दाने डिस्क की केबल याचा निम्मा निकाल लागतो. त्याच्या आसपास 'हार्ड रीसेटिंग लिंक' वारंवार येत असेल आणि लिंकचा वेग ६ गिगाबिटवरून ३ वर उतरवल्याची ओळ असेल, तर रस्ताच खराब आहे.

मग घड्याळ. काही नास लॉग यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) लिहितात, म्हणजे आपली दुपारी अडीचची घटना तिथे सकाळी नऊची दिसते. साडेपाच तास मिळवून घ्या, नाहीतर भलतीकडेच शोधत बसाल. वेळ जुळली की ऑफिसात विचारा: तेव्हा काय सुरू झालं? एसीचा कॉम्प्रेसर, लिफ्ट, लाइन गेल्यावर जनरेटर? दोन-तीन डिस्कांनी एकाच सेकंदाला तक्रार केली असेल तर त्या सगळ्यांमध्ये समान असलेला भाग शोधा, म्हणजे पॉवर सप्लाय किंवा कंट्रोलर. दोन डिस्क एकाच सेकंदाला मरत नाहीत.

डिस्क की स्लॉट? अदलाबदल कशी करायची

इंटरनेटवर सगळीकडे सल्ला असतो की ३ नंबरची डिस्क ५ मध्ये टाका, ५ ची ३ मध्ये, आणि दोष कोणाबरोबर जातो ते बघा. सल्ला बरोबर आहे, पण वेळ चुकीची. रेड ५ डिग्रेड असताना हे केलंत आणि दोष स्लॉट ३ चाच निघाला, तर आता तिथे ठेवलेली चांगली डिस्कही बाहेर पडेल. एक आधीच बाहेर, ही दुसरी. डिस्कांचा अख्खा गट म्हणजेच अ‍ॅरे कोसळला.

त्याऐवजी असं करा. बाहेर पडलेली डिस्क नास बंद करून काढा आणि दुसऱ्या एखाद्या डेस्कटॉपला थेट साटा केबलने जोडा. तिथे विंडोज असेल तर 'डिस्क इनिशियलाइज करू का?' असा प्रश्न येईल, त्याला नाही म्हणा. लिनक्सची लाइव्ह पेनड्राइव्ह असेल तर हा धोका टळतो. आता स्मार्टची लाँग टेस्ट लावा. ८ टीबीच्या डिस्कला यात १२-१४ तास जातात, रात्रभर चालू द्या. नंतर संपूर्ण डिस्क एकदा नुसती वाचून काढा. लाँग टेस्ट डिस्कच्या आतल्या आत चालते, पूर्ण वाचन मात्र केबलवरून जातं, म्हणून दोन्ही हवेत. दोन्हींत पास झाली आणि १९९ वाढला नाही, तर डिस्क निर्दोष. संशयित स्लॉटमध्ये एखादी जुनी रिकामी डिस्क अ‍ॅरेबाहेर ठेवा, तिच्यावर दिवसभर वाचन-लेखन चालवा आणि कर्नलचा लॉग बघा. तिनेही रीसेटच्या ओळी दाखवल्या तर तुमचा आरोपी स्लॉट.

नागपुरात धंतोलीतल्या एका डायग्नोस्टिक सेंटरचं उदाहरण सांगतो. सहा स्लॉटचा नास, त्यावर सीटी आणि सोनोग्राफीच्या इमेजेस. तिसरा स्लॉट एप्रिलपासून डिस्क बाहेर टाकत होता आणि तिथला पोरगा वैतागून म्हणाला, 'भाऊ, डिस्क तर नवीनच टाकली ना, मग काऊन असं करून राहिला हा?' बॅकप्लेन बाहेर काढून टॉर्चच्या उजेडात धरलं. पाच कनेक्टरांचे पत्रे सोनेरी आणि स्वच्छ. तिसऱ्याच्या पॉवरच्या बाजूला, पाच व्होल्टच्या पिनांच्या बुडाशी, मिठासारखा पांढरट थर, आणि एका पिनेभोवतीचं काळं प्लॅस्टिक किंचित तपकिरी पडलेलं. नास ठेवला होता त्या रॅकसमोर खिडकीचा कूलर होता आणि त्यात बोअरचं पाणी. कूलरच्या वाऱ्याचा झोत थेट डाव्या बाजूने आत जात होता. पिनेवर क्षार साचले, संपर्क बिघडला, संपर्क बिघडला म्हणून ती पिन तापली, तापली म्हणून आणखी बिघडली. दुपारी खोली गरम व्हायची, प्लॅस्टिक जरा सैल व्हायचं आणि डिस्कची पॉवर क्षणभर तुटायची. १२ आणि १९२ दोन्ही वाढत होते, ते कोणी बघितलं नव्हतं.

तपकिरी पडलेला कनेक्टर साफ करून चालत नाही, बॅकप्लेन बदलावंच लागतं. नुसता पांढरा थर असेल आणि प्लॅस्टिक ठीक असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने साफ करून, पूर्ण वाळवून परत लावता येतं. डब्ल्यूडी-४० मारू नका. हे सांगावं लागतं, कारण मारलेलं बघितलं आहे.

असेंबल केलेल्या सर्व्हरमध्ये बॅकप्लेनऐवजी मोलेक्स-टू-साटा जोडणी असते. त्यात साच्यात ओतलेला, तारा एकसंध प्लॅस्टिकमध्ये गाडलेला प्रकार वितळण्यासाठीच कुप्रसिद्ध आहे. दिसला की काढून टाका आणि तारा दाबून बसवलेला कनेक्टर घ्या. फरक वीस-तीस रुपयांचा असेल.

पॉवर

साडेतीन इंची डिस्क फिरायला लागते त्या क्षणी १२ व्होल्टच्या लाइनवर सुमारे दोन अँपियर ओढते, नंतर त्याच्या एक तृतीयांशही नाही. चार डिस्क एकदम उठल्या तर आठ अँपियर, म्हणजे जवळजवळ १०० वॅट. चार स्लॉटच्या नासबरोबर येणारा अ‍ॅडॉप्टर साधारण तेवढ्याच ताकदीचा असतो. नवा असताना जमतं. तीन-चार उन्हाळे बंद कपाटात काढल्यावर त्यातले कपॅसिटर सुकतात. १० अंश तापमान वाढलं की इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य निम्मं होतं, असा ढोबळ हिशेब इलेक्ट्रॉनिक्सवाले धरतात. लक्षण असं: नास चालू असताना ठीक, पण डिस्क झोपेतून उठताना, स्क्रब (सगळ्या डिस्क वाचून डेटा जुळतो का याची तपासणी) सुरू होताना किंवा लाइन जाऊन आल्यावर एखादी बाहेर पडते.

मल्टिमीटरने १२ व्होल्टच्या लाइनवर ११.४ ते १२.६ आणि ५ व्होल्टवर ४.७५ ते ५.२५ मिळायला हवेत. पण मिळाले म्हणून खूश होऊ नका. काही मिलिसेकंदांची खोच मल्टिमीटरला दिसतच नाही. ऑसिलोस्कोप नसेल तर खात्रीचा उपाय एकच: त्याच व्होल्टचा, तेवढ्याच किंवा जास्त अँपियरचा चांगला अ‍ॅडॉप्टर काही दिवस लावून बघणं. पिनची ध्रुवता तपासून, अर्थात.

यूपीएसबद्दल लोक फार निश्चिंत असतात. साधा यूपीएस लाइनवरून बॅटरीवर जायला काही मिलिसेकंद घेतो, बहुधा १० च्या आत. चांगला एसएमपीएस (संगणकाचा पॉवर सप्लाय) पूर्ण लोडवर १६-१७ मिलिसेकंद तग धरतो, म्हणून कोणाला काही कळत नाही. एसएमपीएस जुना झाला की ही तग कमी होते आणि बरोब्बर त्या फटीत डिस्क सापडतात. संगणक बंद पडत नाही, स्क्रीन लुकलुकतही नाही, फक्त रेड डिग्रेड होतं. यूपीएसची बॅटरीही उन्हाळ्यात लवकर म्हातारी होते. मार्चमध्येच भिंतीवरचा प्लग काढून, ऑफिस सुरू असताना, किती मिनिटं टिकतो ते बघा. आणि लेझर प्रिंटर यूपीएसवरून काढा. त्याचा हीटर तापायला लागला की मोठा झटका ओढतो. रामदासपेठेत असो की इतवारीत, दर दुसऱ्या ऑफिसात तो नासच्या शेजारच्याच सॉकेटमध्ये असतो.

अर्थिंग हा आपल्याकडचा खास विषय. नागपूरची काळी माती एप्रिल-मेमध्ये सुकून हातभर भेगा पाडते आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की त्याचा रोध वाढतो. पावसाळ्यात चांगली असलेली अर्थिंग उन्हाळ्यात नावापुरती उरते. नासच्या किंवा सर्व्हरच्या लोखंडी डब्याला उलट्या हाताने स्पर्श केल्यावर मुंग्या येत असतील तर अर्थिंग नाहीच असं समजा. इलेक्ट्रिशियनला न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजायला सांगा. दोन-तीन व्होल्टच्या आत असेल तर बरं, आठ-दहा असेल तर आधी ते काम करा. जुन्या इमारतींत खड्ड्यात पाणी ओतायला पाइप ठेवलेला असतो. बहुतेक ठिकाणी त्यावर टाइल बसवून टाकलेली सापडते.

उष्णता आणि कूलर

बाहेर ४५, एसी नसलेल्या खोलीत ३८-४०, नासच्या पोटात त्याहून जास्त. बऱ्याच डिस्कांची कमाल मर्यादा ६० ते ६५ अंश लिहिलेली असते, पण मी ४५ च्या वर गेलं की उपाय करायला लागतो. गूगलच्या त्याच अभ्यासात तापमान आणि बिघाड यांचा संबंध समजला जातो तितका घट्ट निघाला नव्हता. मात्र त्या डिस्क डेटा सेंटरमध्ये होत्या, वाडीच्या गोदामातल्या पत्र्याखाली नव्हत्या.

स्लॉटनिहाय तापमान बघा. मधल्या डिस्क कडेच्यांपेक्षा गरम असतातच. एकच डिस्क शेजारच्यांपेक्षा सात-आठ अंशांनी वर असेल तर तिथली हवा अडली आहे. पंखा फिरतोय म्हणजे हवा जातेय असं नाही. सिमेंट रस्त्यांची बारीक धूळ जाळीवर अशी बसते की बाहेरून कळत नाही. कागदाचा तुकडा जाळीशी धरा, चिकटला तर ओढ आहे. सेटिंगमध्ये पंखा 'क्वायट'वर असेल तर मार्च ते जून 'फुल'वर ठेवा. आवाज होतो, होऊ द्या.

एसी रात्री आणि रविवारी बंद असतो, नास नसतो. सोमवारी सकाळी तक्रार येणाऱ्या ऑफिसांमध्ये रविवारचं तापमान काढून बघा, बहुतेक वेळा तिथेच उत्तर मिळतं. कूलरच्या खोलीत नास ठेवायचाच असेल तर झोताच्या वाटेत नको, जमिनीवर नको, आणि खोलीची एक खिडकी उघडी हवी, नाहीतर दमटपणा साठतो. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की कूलर ताबडतोब बंद करा. त्या आठवड्यात बाहेरची हवाच ओली असते. कूलर गारवा देत नाही, नुसती वाफ देतो.

हार्डवेअर रेड कार्ड असेल तर उन्हाळ्यात कार्डाच्या कॅशची बॅटरी बघा. ती फुगली किंवा कमजोर झाली की कार्ड गुपचूप राइट-थ्रूवर (कॅशच्या भरवशावर न राहता थेट डिस्कवर लिहिण्यावर) जातं आणि तक्रार येते ती 'सर्व्हर स्लो झाला' अशी.

डिस्क चांगली, पण जात चुकीची

डेस्कटॉपची डिस्क एखादा सेक्टर वाचता आला नाही तर हट्टाने प्रयत्न करत राहते, कधी कधी दोन मिनिटं. रेडला एवढा धीर नसतो. लिनक्स कर्नल साधारण ३० सेकंद थांबून लिंक रीसेट करतो आणि डिस्क बाहेर जाते. नासच्या डिस्क ७ सेकंदांत 'नाही जमलं' सांगून मोकळ्या होतात आणि रेड तो सेक्टर बाकीच्यांवरून भरून काढतं. स्मार्टसीटीएलने एससीटी ईआरसीची (डिस्कने किती वेळ प्रयत्न करायचा याची मर्यादा) किंमत विचारा. ७० असेल तर ७ सेकंद. 'डिसेबल्ड' असेल तर ७० करून बघा. बऱ्याच डिस्क पॉवर गेली की हे विसरतात, म्हणून ते स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये टाका. डिस्क ही सोयच देत नसेल तर कर्नलचा टाइमआउट १८० सेकंदांवर न्या. तात्पुरतं चालतं.

दुसरी गोष्ट एसएमआर. यात ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, वाचायला ठीक, विश्रांती न मिळता तासन्‌तास लिहायला वाईट. रिबिल्ड म्हणजे नेमकं तेच. काही तासांचं काम दिवसांवर जाऊ शकतं आणि मध्येच डिस्क टाइमआउट होऊन बाहेर पडू शकते. नासच्या नावाने विकलेल्या काही डिस्कही एसएमआर असल्याचं २०२० मध्ये उघड झालं होतं, त्यामुळे लेबलवर जाऊ नका. मॉडेल नंबर कंपनीच्या डेटाशीटमध्ये शोधा, सीएमआर (ट्रॅक एकमेकांवर न चढवलेला प्रकार) लिहिलेलं असेल तरच रेडमध्ये घाला.

खरंच बदलायची वेळ आली तर

नवी डिस्क आणली की लगेच रिबिल्डला लावू नका, आधी तिचीही लाँग टेस्ट. रिबिल्ड संध्याकाळी सुरू करा म्हणजे गरम भाग टळतो. उरलेल्या डिस्कांपैकी एखादीवर १९७ मध्ये आकडा असेल तर रिबिल्ड नकोच. जीएनयू डीडीरेस्क्यूने, मॅप फाइल (कुठवर वाचलं याची नोंद) देऊन, तिची आधी नव्या डिस्कवर प्रत काढा आणि मूळ डिस्कऐवजी ती प्रत अ‍ॅरेत लावा. साध्या डिस्कांवर १० चा १४ वा घात इतक्या बिटांमागे एक न वाचता येणारा सेक्टर, असं डेटाशीटमध्ये लिहिलेलं असतं. हे होतात सुमारे १२.५ टीबी. चार ८ टीबी डिस्कांच्या रेड ५ ला रिबिल्डसाठी २४ टीबी वाचावे लागतात. प्रत्यक्षात डिस्क याहून बऱ्या वागतात, पण एवढ्या मोठ्या डिस्कांवर रेड ५ आता मी कुणाला सुचवत नाही. आणखी एका डिस्कची जागा खर्ची पडली तरी चालेल, दोन डिस्कांचं जाणं सोसणारं रेड ६ करा.

दोष केबलचा किंवा पॉवरचा होता आणि डिस्क निर्दोष निघाली, तर पूर्ण रिबिल्डची गरजही नसते. अ‍ॅरेवर राइट-इंटेंट बिटमॅप (कुठल्या भागात लिहिलं गेलं याची नोंद) असेल तर 'री-अ‍ॅड' केल्यावर फक्त मधल्या काळात बदललेला भाग जुळवला जातो, काम काही मिनिटांत होतं. दोन डिस्क एकदम पडून रेड ५ उघडत नसेल तर प्रत्येक डिस्कवरचा 'इव्हेंट्स' आकडा (रेडमधल्या बदलांची मोजणी) बघा. फरक किरकोळ असेल तर जबरदस्तीने असेंबल करता येतं, पण आधी प्रती काढून. हे पहिल्यांदाच करत असाल तर जाणत्या माणसाला शेजारी बसवा. आणि डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर वरचं सगळं विसरा, ती बंद करा. डेटा महत्त्वाचा असेल तर रिकव्हरीवाल्याकडे द्या. फ्रीजरमध्ये ठेवण्याचा जुना नुस्खा आपल्या दमट जुलैत तर अजिबात करू नका.

बरं झालं हे कसं ओळखायचं

नुसता हिरवा दिवा पुरत नाही. दुरुस्तीच्या दिवशी सगळ्या डिस्कांचे ५, १२, १९२, १९७ आणि १९९ हे आकडे तारखेसह वहीत लिहा. दुसऱ्या दिवशी एक पूर्ण स्क्रब लावा, शक्यतो दुपारी. एरवी स्क्रब रात्री लावावा, पण आत्ता मुद्दाम वाईटात वाईट परिस्थिती हवी आहे. त्यानंतर परत आकडे लिहा. एकही हलला नाही तर पुढच्या आठवड्यात, मग महिन्याने. पुढे महिन्याला एक स्क्रब कायम ठेवा आणि ईमेल अलर्ट सुरू करून स्वतःला एक चाचणी मेल पाठवून बघा. बऱ्याच नासवर अलर्ट सुरू असतो, पण मेलचा पासवर्ड केव्हाच बदललेला असतो.

धंतोलीच्या त्या नासचं बॅकप्लेन बदललं, कूलरचं तोंड फिरवलं, आणि मे संपेपर्यंत तिसऱ्या स्लॉटच्या डिस्कचे १२ आणि १९२ तिथेच राहिले. त्याआधी 'खराब' म्हणून काढलेल्या डिस्क कपाटात पडून होत्या. लाँग टेस्टमध्ये सगळ्या पास झाल्या. एक आता स्पेअर म्हणून ठेवली आहे, बाकीच्या बाहेरच्या केसमध्ये घालून आठवड्याच्या बॅकअपला लावल्या. तुमच्याकडेही अशा काढलेल्या डिस्क असतील तर भंगारात देण्याआधी तपासा. तपासून खरंच भंगारात द्यायच्या ठरल्या, तर आधी पूर्ण पुसा, विशेषतः पेशंटचा डेटा असेल तर.